कोल्हापुरात अगापंथस लावताना

अगापंथस कोल्हापुरात जगतो का, असं कुणी विचारलं तर मी लगेच हो म्हणते. फुलतो का, असं विचारलं की जरा थांबते. झाड चिवट आहे. आठवडाभर पाणी नाही मिळालं तरी तग धरतं, एप्रिलच्या उन्हानं सहसा मरत नाही. पण उटी-मुन्नारला बंगल्यांपुढं जे निळ्या फुलांचे गोळे डोलताना दिसतात, तसे आपल्या गच्चीवर हवे असतील तर झाडापेक्षा आपल्यालाच जास्त शिस्त लागते.

माझी पहिली कुंडी कुजून गेली. दुसरी तीन वर्षं नुसती पानं काढत बसली. तिसरीला फूल आलं. आता गच्चीवर चार कुंड्या आहेत, आणि खाली जे सांगतेय ते बरंचसं पहिल्या दोन कुंड्यांनी शिकवलेलं आहे.

आधी झाड ओळखा

अगापंथस मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. इंग्रजीत त्याला ‘नाईलची लिली’ म्हणतात, पण नाईल नदीशी त्याचा काही संबंध नाही आणि तो खरी लिलीही नाही. नागदवण्याच्या भावकीतला म्हणा फार तर. नावातला ‘अगापे’ म्हणजे ग्रीकमध्ये प्रेम आणि ‘अँथोस’ म्हणजे फूल. नर्सरीत त्याला कुणी आफ्रिकन लिली म्हणतं, कुणी ब्लू लिली, कुणी नुसतंच लिली. इथंच फसगत होते.

माझी झाली. मी घरबसल्या मागवलेल्या पाकिटावर निळं फूल छापलेलं होतं आणि आतून कांद्यासारखे दोन गड्डे निघाले. मी हौसेनं लावले. दीड वर्षानं पांढरी स्पायडर लिली फुलली. फूल वाईट नाही, पण ती आमच्या शेजाऱ्यांच्या गटारीकडेला फुकट उगवते.

म्हणून एक खूण लक्षात ठेवा. अगापंथसला कांदा नसतो. पानांच्या बुडाशी आखूड, जाड, आडवा गड्डा असतो आणि त्यातून पांढरट, मांसल, बोटाएवढी मुळं फुटतात. शतावरी उपटून बघितली असेल तर त्या मुळांची आठवण होईल. कांदा दिसला, तो सोलून पापुद्रे निघाले, की समजा दुसरंच काहीतरी आहे. पानं पट्ट्यासारखी, गुळगुळीत, हिरवीगार, हातभर लांब, आणि पंख्यासारखी समोरासमोर लागलेली असतात. शक्य असेल तर गड्डा न मागवता वाढतं झाड कुंडीसकट घ्या. फुलात असलेलं मिळालं तर उत्तम, रंगाचाही प्रश्न मिटला.

त्यात दोन तऱ्हा आहेत. एक बारमाही हिरवी, दुसरी थंडीत पानं गाळून झोपणारी. पान गाळणारीला खरी कडाक्याची थंडी सोसते आणि मानवतेही. आपल्याकडं डिसेंबरातही अंगावर एक स्वेटर पुरतो, तेव्हा आपण हिरवीच घ्यावी. तिचं शास्त्रीय नाव अगापंथस प्रिकॉक्स. बाजारात ‘आफ्रिकानस’ या नावानं जे मिळतं तेही बहुतेक वेळा प्रिकॉक्सच किंवा त्याचा संकर असतो, त्यामुळं चिठ्ठीवरच्या नावावरून वाद घालू नका. रंग निळा किंवा पांढरा. जागा कमी असेल तर बुटक्या जाती मिळतात, त्यांची फुलाची दांडी दीड फुटाच्या आसपास थांबते. नेहमीच्या जातीची तीन-साडेतीन फूट जाते.

कुंडी

पहिल्यांदा लावणाऱ्यांनी कुंडीतच लावावा, जमिनीत नाही. कारण पुढं येईलच.

मातीची कुंडी घ्या. प्लॅस्टिकपेक्षा ती लवकर सुकते, आणि आपल्या पावसाळ्यात तेच हवंय. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीचे दिवस सोडून कधीही जा. मी गेले तेव्हा म्हटलं, “मामा, बुडाचं भोक मोठं करून द्या.” ते म्हणाले, “किती मोठं? झाड लावायचंय का पाणी गाळायचंय?” दोन्ही, असं सांगितलं. अंगठा आरपार जाईल एवढं भोक हवं, नाहीतर तीन-चार लहान.

आकारात बहुतेकजण चुकतात. एका पंख्याला, म्हणजे एका रोपाला, आठ ते दहा इंची कुंडी भरपूर झाली. “मोठी घेतली की मोठं होईल” हा हिशोब इथं चालत नाही. मोठ्या कुंडीत मुळं पोचलेली नसतात तिथली माती ओली राहते, आंबते, आणि झाड फुलायचं सोडून मुळंच पसरत बसतं. थोडी दाटी झाली की ते फुलाचं मनावर घेतं. मात्र दाटी म्हणजे गळफास नव्हे. मुळं इतकी जोरकस असतात की चार-पाच वर्षांत मातीची कुंडी तडकवतात. तोवर वाट बघायची नाही.

माती

कोल्हापूरची काळी माती उसाला सोनं आहे. अगापंथसला ती कुंडीत नको. पावसात ती चिकट होऊन पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नदीकाठच्या गाळाच्या मातीचंही तेच.

मी करते ते मिश्रण असं: दोन घमेली तांबडी माती, पन्हाळा किंवा शाहूवाडीच्या बाजूची, एक घमेलं जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम, एक घमेलं जुनं शेणखत नाहीतर गांडूळखत, आणि अर्धं घमेलं भाताचं जळकं तूस. वर दोन मुठी निंबोळी पेंड. तूस मिळालं नाही तर कोकोपीट चालेल, पण कमी घाला, कारण ते पाणी धरतं. साखर कारखान्याची मळी, म्हणजे प्रेसमड, आपल्याकडं सहज मिळते, पण ती पूर्ण कुजलेली, काळी, वास नसलेली असेल तरच घ्या, आणि शेणखताऐवजी घ्या, शेणखतावर आणखी नको. ताजी मळी तापते आणि मुळं भाजते.

कुंडी भरल्यावर झाड लावायच्या आधी एक तांब्या पाणी ओता. वर तळं साचून राहिलं आणि खाली थेंब यायला मिनिटभर लागला तर माती परत काढा, वाळू वाढवा. हा कंटाळा करू नका. बुडात विटांचे तुकडे घालायची आपल्याकडं पद्धत आहे. भोकावर एक खापर उपडं ठेवलं तरी पुरतं, माती वाहून जाऊ नये एवढंच त्याचं काम. निचरा मातीनंच करायचा असतो, खालच्या विटांनी नाही.

लावणी

दसरा झाला, पाऊस ओसरला, की लावायचा. थंडीचे चार महिने मुळं धरायला मिळतात. ते हुकलं तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. मे महिन्यात आणलंत तर आणलेल्या पिशवीतच सावलीत ठेवा. जून-जुलैत मात्र लावू नका.

पिशवीतून मुळं काढल्यावर मऊ, तपकिरी, वास येणारी असतील ती कापून टाका. चांगली मुळं कडक आणि पांढरट असतात. कुंडीत मधोमध मातीचा छोटा उंचवटा करा, त्यावर गड्डा टेकवा, मुळं चारी बाजूंनी खाली सोडा आणि माती भरा. पानांचा पांढरट गळा मातीच्या पातळीला किंवा फार तर एक बोटभर खाली राहिला पाहिजे. खोल पुरलं की पावसाळ्यात गळ्याशी कुज सुरू होते. कुंडीच्या काठाखाली दोन बोटं जागा सोडा, दाबून एकदा भरपूर पाणी द्या आणि मग आठवडाभर हात लावू नका.

ऊन

माझी दुसरी कुंडी अंगणात आंब्याखाली होती. पानं अशी की बघणारा म्हणावा काय झाड आहे. शेजारच्या वैनी रोज म्हणायच्या, “ही नुसती पातच वाढवायची असंल तर शेवंती लावा की वो, दसऱ्याला हाराला तरी येतील फुलं.” तीन वर्षं मी खतं बदलत राहिले. मग ती कुंडी उचलून गच्चीवर पूर्वेच्या कठड्याजवळ आणली, आणि पुढच्याच उन्हाळ्यात दांडी निघाली. खतात काही नव्हतं, झाड उपाशी होतं ते उन्हाला.

रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. सकाळचं मिळालं तर सगळ्यात बरं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन पान भाजतं, तेवढे दोन महिने बारा ते चारची सावली द्या. हिरवी जाळी चालेल, कपडे वाळत घालायच्या दोरीवरची जुनी साडीही चालते. गच्चीवर कुंडी थेट काँक्रीटवर ठेवू नका, खाली दोन विटा घाला. त्यानं बुडाला झळ लागत नाही आणि भोकही मोकळं राहतं. पश्चिमेची भिंत तापते, तिला चिकटून ठेवू नका.

पन्हाळ्यावर किंवा आंबा घाटाच्या बाजूला घर असेल तर ही सगळी काळजी निम्मी झाली. तिथला गारवा या झाडाला आवडतो आणि फूलही जास्त खात्रीनं येतं. शहरात मात्र दरवर्षी प्रत्येक कुंडी फुलेल असं मी वचन देणार नाही.

पाणी, महिन्यांप्रमाणे

झाडाला पाणी घालणं आपल्याला पुण्य वाटतं, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

२०१९ चा ऑगस्ट कोल्हापूरकरांना सांगायला नको. आमच्या गल्लीत पुराचं पाणी आलं नाही, पण पाऊस हटेना. पाणीउपसा केंद्रं पुरात गेल्यामुळं शहराला प्यायला टँकरचं पाणी, बादल्या घेऊन रांगा. त्या गडबडीत गच्चीवर कोण जातंय? दहा-बारा दिवसांनी गेले तर माझी पहिली अगापंथसची कुंडी ताटलीत उभी, ताटली काठोकाठ. पानं हिरवीच होती. एक पान धरून हलकं ओढलं तर अख्खा पंखा हातात आला. बुडाशी तपकिरी चिखल आणि सडक्या कांद्यासारखा वास. घरात प्यायला पाणी नव्हतं आणि वर झाड पाण्यानं मेलं.

तेव्हापासून जूनचा पहिला पाऊस पडला की कुंड्यांखालच्या सगळ्या ताटल्या उचलते आणि धुऊन माळ्यावर टाकते. पुढचं कॅलेंडर असं.

मार्च ते मे, आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळी, भोकातून पाणी निघेपर्यंत. रोज थोडं थोडं शिंपडण्यात अर्थ नाही, वरची माती ओली दिसते आणि खालची कोरडीच राहते. बोट दोन पेरांपर्यंत घालून बघा, कोरडं लागलं तर द्या. वळवाचा मोठा पाऊस झाला तर त्या आठवड्यात सुट्टी.

जून ते सप्टेंबर, तुम्ही काही द्यायचं नाही, फक्त राखण करायची. जुलैच्या झडीत कुंडी पत्र्याच्या वळचणीच्या आत सरकवा, पण काळोखात नको. वळचणीचं पाणी थेट कुंडीत पडत नाही ना ते बघा, पन्हाळीखालची कुंडी दोन दिवसांत धुऊन निघते. हलवणं शक्य नसेल तर कुंडी विटेवर किंचित कलती ठेवा. गगनबावड्याकडं राहणाऱ्यांनी पावसाळाभर छपराखालीच ठेवावं, शहरात पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस तिकडं पडतो.

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा फसवा काळ आहे. पाऊस थांबतो, ऑक्टोबरची उष्णता येते, आणि चार महिने पाणी न घालायची सवय झालेली असते. पुढच्या वर्षीच्या कळीची तयारी गड्ड्याच्या आत आदल्या पावसाळ्याच्या शेवटापासून सुरू होते, तेव्हा या दिवसांत झाड तहानलेलं राहिलं तर मेमध्ये नुसती पानं बघावी लागतात. आठवड्यातून एक-दोनदा नीट पाणी द्या.

डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा दिवसांतून एकदा पुरे. या दिवसांत कुंडी उघड्यावरच राहू द्या, रात्रीचा गारवा लागू द्या. कौतुकानं घरात आणू नका.

खत

आपला हात ऊस वाढवणारा. युरियाची मूठ दिसेल त्या बुंध्याशी पडते. अगापंथसला युरिया दिलात तर पानं लांबलचक, लुळी, काळपट हिरवी होतील आणि दांडी येणार नाही.

फेब्रुवारीत वरची एक इंच माती खुरप्यानं सैल करून दोन मुठी गांडूळखत घाला. त्याच महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात, ओल्या मातीत. कळीवर निळा रंग दिसला की थांबवा. पावसाळ्यात काहीच नाही. ऑक्टोबरमध्ये एकदा शेणखत आणि चिमूटभर लाकडाची राख. एवढ्यावर माझं भागतं.

दांडी निघते तेव्हा

माझ्याकडं ती एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये, एखादा वळीव होऊन गेला की दिसते. पानांच्या मधून गुळगुळीत, बिनपानाची हिरवी काठी वर येते. टोकाला पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली, चपटी, टोकदार कळी असते, निरांजनातल्या ज्योतीसारखी. आठ-दहा दिवसांत पापुद्रा एका बाजूनं फाटतो आणि आतून छत्रीच्या काड्यांसारखे देठ पसरतात, प्रत्येकाच्या टोकाला एक लांबट कळी. एका गोळ्यात वीस-पंचवीसपासून शंभरापर्यंत फुलं असू शकतात. माझ्या सगळ्यात चांगल्या दांडीला चाळीस होती, मी मोजली. फुलाला सहा पाकळ्या, आणि जवळून बघितलं तर प्रत्येक पाकळीच्या मधोमध एक गडद निळी रेघ. सगळी एकदम उमलत नाहीत, त्यामुळं गोळा दोन-तीन आठवडे टिकतो. वास नसतो म्हणा, देवाला वाहायला निशिगंधच बरा.

फुलदाणीत ठेवायची असेल तर चार-पाच फुलं उमललेली असताना दांडी बुडातून कापा, आठवडाभर राहते. फुलं गळाल्यावर दांडी कापून टाका, नाहीतर झाड सगळी ताकद बियांत घालतं. बी हवंच असेल तर एक दांडी ठेवा. शेंगा तपकिरी होऊन तडकल्या की आत चपटं, काळं, पंखाचं बी मिळतं. ताजंच पेरा. महिना-दीड महिन्यात गवतासारखी पाती येतात, फुलाला मात्र तीन-चार वर्षं, आणि रंग आईसारखाच येईल याची खात्री नाही.

काय बिघडतं

पावसाळ्यात गोगलगायी. शंखी गोगलगाय तर तीही आफ्रिकेहूनच आलेली, माहेरच्या माणसाला भेटावं तशी रात्री चढून बसते. संध्याकाळी कुंडीजवळ ओलं गोणपाट टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका. हातमोजे घाला.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्यानं पुसा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण कालवून संध्याकाळी फवारा. शेजारी स्पायडर लिली असेल तर पावसाळ्यात तिच्यावर काळ्या, ठिपक्यांच्या अळ्यांचा घोळका येतो. त्या दिसल्या की अगापंथसची पानंही उलटून बघा.

बाहेरची दोन-चार जुनी पानं पिवळी पडून वाळली तर तो त्याचा नेम आहे, ओढून काढा. मधली कोवळी पानं पिवळी पडली तर लगेच कुंडी उपडी करून मुळं तपासा. टोकं जळली तर ऊन नाहीतर खत जास्त झालंय.

झाडाचा चीक काहींच्या कातडीला खाजतो आणि तोंडात गेला तर आग होते. घरात रांगतं मूल, मांजर, कुत्रं असेल तर कुंडी उंचावर ठेवा. बी आणि गड्ड्याचे तुकडे ओढ्याकाठी फेकू नका. न्यूझीलंडमध्ये हेच झाड बागेतून निसटून तण होऊन बसलंय.

जमिनीत लावायचा असेल तर

तांबड्या, उताराच्या जमिनीत खुशाल लावा, दीड-दोन फुटांवर एक. काळ्या जमिनीत फूटभर उंच वाफा करा आणि तो वरच्याच मिश्रणानं भरा. सपाट काळ्या मातीत लावलेला मी एकाही पावसाळ्यापार गेलेला बघितला नाही.

वाटणी

चार-पाच वर्षांनी कुंडी पंख्यांनी भरते, फुलं कमी होतात, पाणी घातलं की मातीत न शिरता काठावरून वाहतं. मग ऑक्टोबरमध्ये वाटणी करायची. आदल्या दिवशी पाणी द्या. कुंडी आडवी करून कडेनं थापट्या मारा, निघालं नाही तर कुंडी फोडा, झाड फोडू नका. गुंता हातानं सुटत नाही. मी उसाचा जुना कोयता धुऊन, धार लावून वापरते, वरून सरळ एक घाव. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन पंखे आणि ओंजळभर मुळं राहिली पाहिजेत. कापलेल्या जागी राख किंवा हळद चोळा, दिवसभर सावलीत सुकू द्या, पानं अर्धी छाटा आणि लावा.

वाटणी केलेलं झाड पुढचं एक वर्ष, कधी दोन वर्षं, फुलत नाही. तुकडे दिलेल्यांना हे आधी सांगावं लागतं. वैनींना दिला तेव्हा मी कुंडीवर खडूनं महिना आणि साल लिहून दिलं होतं, तरी मेमध्ये त्यांनी जिन्यातून हाक मारलीच, “वो, तुमची लिली नुसतीच उभी हाय की!” वर जाऊन बघितलं तर कुंडी उन्हात होती, माती बरोबर होती, आणि खाली स्टीलची ताटली होती. ती मी काढून त्यांच्या ओट्यावर ठेवली.